‘ते बाहेर उभे आहेत,’ असं आई म्हणते

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून ३६ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील एसटीत कंडक्टर होते. गळ्यात माळ, संध्याकाळी हरिपाठ, निवृत्तीनंतर दरवर्षी आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी वारी. आठ महिन्यांपूर्वी, ७१व्या वर्षी, ते आजारपणात गेले. त्यांनी लिहून ठेवलं होतं, ‘माझा देह मेडिकल कॉलेजला द्या. माझ्या दहाव्या-तेराव्यासाठी कर्ज काढू नका.’ मुलीने आणि मुलाने सह्या करून देहदान केलं. घरी तेरा दिवस नुसता दिवा ठेवला. थोरल्या काकांना हे पटलं नाही. त्यांनी आपल्या घरी गरुडपुराण लावलं आणि आई रोज ते ऐकायला जाऊन बसल्या. तेव्हापासून त्या रात्री दाराला कडी लावू देत नाहीत. ‘ते बाहेर उभे आहेत, त्यांना कुठंच आत घेत नाहीत,’ म्हणतात. काकांचं म्हणणं, अग्नी दिला नाही, पिंड पडले नाहीत, त्याला स्वर्गाचं दार उघडणार नाही. वर्षाच्या आत त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करा. धाकटा भाऊही आता काकांच्या बाजूने झाला आहे. ‘मी नाही म्हणते, कारण बाबांचा शब्द मोडेल. पण रात्री आईकडे बघितलं की वाटतं, त्यांच्या चांगुलपणाला वर काहीच किंमत नाही का? आम्हीच त्यांची वाट अडवली का?’

ताई,

तुमच्या पत्रातली एक ओळ मी परत परत वाचली. तुम्ही ती सहज लिहून गेला आहात. बाबा तिकिटाच्या मागे राहिलेले सुट्टे लिहून द्यायचे, आणि माणूस विसरून उतरलाच तर बेल मारून गाडी थांबवायचे आणि दारातून ओरडायचे, ‘ओ पाहुणं, तुमचं अडीच रुपये राहिलं!’ मीही लहानपणी एसटीने खूप फिरले आहे. तिकिटामागे लिहिलेले ते सुट्टे विसरून जाणं किती सोपं असतं, प्रवाशालाही आणि कंडक्टरलाही, हे मला माहीत आहे. म्हणून या माणसाला दाराबाहेर कोण उभं करील, हे मला समजत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी आधीच देऊन टाकते: तुम्ही वाट अडवलेली नाही. पण नुसतं एवढं लिहून तुमच्या घरातली रात्र सोपी होणार नाही, आणि काका जे बोलतात ते ‘अंधश्रद्धा’ म्हणून बाजूला सारूनही होणार नाही. ते शास्त्राचा हवाला देतात. मग आपणही शास्त्र काय म्हणतं ते नीट बघू.

‘अग्नी नाही तर गती नाही’ हे गृहीत धरूनच तुमच्या घरात सगळं चाललं आहे. तुम्हीसुद्धा ते धरलं आहे, नाहीतर रात्री मन खाल्लं नसतं. पण आपल्याच मुलखात किती जणांना अग्नी देत नाहीत ते आठवा. तुमच्या जिल्ह्यात लिंगायत घरं गावोगावी आहेत, त्यांच्यात पुरतात. संन्याशाला समाधी देतात, त्याचं दहन करत नाहीत. अगदी लहान मूल गेलं तर त्याला पुरायचं, हे तर स्मृतींनीच सांगितलं आहे. आणि ज्या माउलींच्या पालखीमागे बाबा आळंदीहून चालत गेले, त्यांनाही कुणी अग्नी दिला नव्हता. काका म्हणतील, ते संत, आपण प्रापंचिक. बरोबर आहे. पण मग नियम ‘अग्नीशिवाय गती नाही’ असा उरला नाही. ‘ज्याची जशी रीत, तशी त्याची पाठवणी’ एवढाच उरला.

याहून जवळची गोष्ट पंढरपूरची आहे. तिथले काशीनाथशास्त्री उपाध्याय यांनी १७९०च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला. आजही महाराष्ट्रातले भटजी अडलं-नडलं की तोच उघडतात. माणूस परमुलखात गेला, पुरात वाहून गेला, देह हाती लागलाच नाही, तर काय करायचं, हा प्रश्न धर्मशास्त्राने फार जुन्या काळापासून विचारात घेतलेला आहे. त्याची तोडही दिली आहे: पळसाच्या पानांचे ३६० देठ घेऊन माणसाची आकृती मांडायची आणि तिचा संस्कार करायचा. डोक्याला किती, छातीला किती, हातापायांना किती, हेसुद्धा सांगितलं आहे. तुम्ही हा विधी करा, असं मी म्हणत नाही. मला यातली दृष्टी तुम्हाला दाखवायची आहे. ज्यांनी नियम लिहिले ते कडक होते, बारकाईने लिहिणारे होते. तरी ज्याचा देहच सापडला नाही त्याच्यापुढे त्यांनी हात वर केले नाहीत. बसून देठ मोजले.

माझ्या आईच्या दहाव्याला आम्ही नदीच्या घाटावर होतो. पत्रावळीवर भाताचा पिंड, वर तीळ आणि दही. शेजारच्या झाडावर चार-पाच कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. तास उलटून गेला. मामा पुढे होऊन म्हणाले, ‘अक्का, धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी करू नको.’ तरी नाही. मावशीने आईचं काही राहिलेलं देणं बोलून दाखवलं. तरी नाही. ऊन चढायला लागलं, वडिलांचा चेहरा उतरला. तेव्हा गुरुजी काही न बोलता खाली बसले, दर्भाच्या चार काड्या घेऊन त्यांनी गाठ मारली, कावळा केला आणि पिंडाला लावला. ‘झालं,’ म्हणाले, ‘चला, अंघोळी करून घ्या.’ मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मला त्या पळवाटेचा संताप आला होता. एवढा वेळ आम्हाला रडवलंत आणि शेवटी गवताचा पक्षी! आता मात्र त्या गुरुजींचे हात आठवतात. त्यांना त्या दिवशी कुणालाही अपराधी ठरवून घरी पाठवायचं नव्हतं.

आता गरुडपुराण. आईंच्या कानात ते बसलं आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. यमाच्या वाटेचे ८६ हजार योजनं, वैतरणी, भुकेने व्याकूळ झालेला जीव हे सगळं त्यात आहे. दहा दिवसांच्या दहा पिंडांनी जिवाला वाटेवरचा देह मिळतो, हेही ठासून सांगितलेलं आहे. ते तुमच्यापासून लपवून मला वाद जिंकायचा नाही. पण मृत्यूनंतर घरोघरी लावतात त्या पोथीत पुढे एक अध्याय धर्मराजाच्या, म्हणजे यमाच्या, नगरीचा आहे, आणि तो वाचेपर्यंत बहुतेक घरांत ऐकणारे थकलेले असतात. त्या नगरीला चार दरवाजे आहेत. पापी माणसं फक्त दक्षिणेच्या दाराने जातात. बाकी तिन्ही दारं भल्या माणसांसाठी. त्या दारांनी कोण आत जातं, याची लांबलचक यादी दिली आहे, आणि ती वाचताना मला तुमचे बाबा दिसत राहिले. थकल्याभागल्या वाटसरूला आसरा देणारे, दुःखी माणसाची समजूत घालणारे, खरं बोलणारे, गोड बोलणारे. तुम्ही लिहिलं आहे, रात्रीच्या शेवटच्या गाडीला कुणी म्हातारी फाट्यावर एकटी उतरणार असेल तर तिला घ्यायला आलेलं माणूस दिसेपर्यंत बाबा गाडी हलू द्यायचे नाहीत. ड्रायव्हर चिडायचा, वेळ टळायची. काकांना सांगा, तो अध्याय पुन्हा लावू या आणि या वेळी आईंना शेजारी बसवून मोठ्याने वाचू या. ज्या पोथीने भीती घातली, तिनेच ती काढली तर आईंना ते जास्त पटेल. माझं किंवा तुमचं बोलणं त्यांना तेवढं पटणार नाही.

नारायण नागबळीचं थोडक्यात. हा विधी त्र्यंबकेश्वरला तीन दिवस चालतो. त्यातला नारायणबळी मुळात अपघात, आत्महत्या, सर्पदंश अशा दुर्मरणासाठी सांगितलेला आहे आणि नागबळी नागाच्या हत्येच्या दोषासाठी. तुमचे बाबा सत्तरी ओलांडून, आजारपणात, मुलांच्या हाताने पाणी पिऊन गेले. काकांच्या शास्त्रानेच बघितलं तरी हे दुर्मरण नाही. हे भांडणाच्या सुरात सांगू नका. एखाद्या जाणत्या, तुमच्याकडून दक्षिणेची अपेक्षा नसलेल्या गुरुजींना काकांसमोर बसवा आणि काकांनाच विचारू द्या.

आता स्वर्गाचंच विचाराल तर मला एक सांगावंसं वाटतं. तुमच्या बाबांना तिथे जायचं होतं का? महाभारताच्या वनपर्वात मुद्गल नावाचा एक गरीब ब्राह्मण आहे. शेतात सांडलेलं धान्य वेचून खाणारा आणि त्यातूनही पाहुण्याला घालणारा. त्याला न्यायला विमान येतं. तो देवदूताला विचारतो, तुमच्या स्वर्गात चांगलं काय आणि वाईट काय ते आधी सांगा. दूत प्रामाणिक असतो. तो सांगतो, तिथे नवं पुण्य करता येत नाही, नेलेलं संपत जातं, गळ्यातली माळ सुकली की खाली यायची वेळ झाली समजायची. मुद्गल नमस्कार करतो आणि विमान परत पाठवतो. माउलींनी तर ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात फार धीटपणे म्हटलं आहे की, स्वर्ग ज्याने मिळतो ते पुण्यही एका परीने पापच, कारण तेही देवापासून दूर नेतं. ज्याने हा विचार वर्षानुवर्षं ऐकला, पायी चालत ऐकला, त्याने स्वर्गाची फारशी आस धरली असेल असं मला वाटत नाही. बाबांचा हरिपाठ आठवा. त्याचा पहिलाच अभंग देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्याचा आहे, आणि तेवढ्यानेच चारही मुक्ती साधल्या असं तो सांगतो. आई म्हणतात, ते दारात उभे आहेत. कुणाच्या दारात, एवढाच फरक. हे त्यांना समजावून सांगू नका. संध्याकाळी बाबांच्या जागेवर बसा आणि तो अभंग म्हणा. रोज म्हणा. त्यांचं त्यांना लागेल.

एवढं सगळं काकांच्या म्हणण्याबद्दल झालं. आता थोडं तुमच्याबद्दल, आणि हे जरा टोचेल.

‘काहीही केलं तर बाबांचा शब्द मोडेल’ असं तुम्ही म्हणता. बाबांनी काय लिहिलं ते पुन्हा वाचा. देह कॉलेजला द्या, हे एक. कर्ज काढू नका, हे दुसरं. आईने पान वाढायचं नाही, श्राद्ध घालायचं नाही, त्यांच्या नावाने कुणाला जेवू घालायचं नाही, असं त्या चिठ्ठीत कुठेही नाही. तो अर्थ तुम्ही घातला आहे. मला वाटतं, तेरा दिवस काकांशी भांडताना तो घालावा लागला, नाहीतर तुम्ही टिकला नसता. पण बाबांच्या दोन वाक्यांचं तुम्ही तिसरं वाक्य केलं आणि त्याची किंमत आई मोजत आहेत. त्यांच्या हाताला काहीच काम उरलं नाही. चाळीसहून अधिक वर्षं ज्या माणसाला वाढलं, त्याचं शेवटचं पानसुद्धा वाढायला मिळालं नाही. अस्थी नाहीत, राख नाही, जिथे जाऊन फूल ठेवावं असं ठिकाण नाही. मग त्या दाराची कडी काढून ठेवतात. तेवढंच त्यांच्या हातात उरलं आहे.

काकांचंही असंच असेल. ते कटकटे वाटतात, मान्य. पण त्यांना धाकट्या भावाला खांदा देता आला नाही. गाडी आली, कागदावर सह्या झाल्या आणि भाऊ गेला. देहदानाला नाव ठेवण्यापलीकडे त्यांना काय सांगायचं आहे, ते त्यांना कुणी विचारलं आहे का?

महाभारताच्या अगदी शेवटी धर्मराज युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि पहिल्यांदा त्याला दिसतो तो सिंहासनावर बसलेला दुर्योधन. रणात पडला, क्षत्रियाचा नियम पाळला, म्हणून त्याला आत जागा. भाऊ आणि द्रौपदी मात्र कुठेच नाहीत. दूत त्याला एका अंधाऱ्या, दुर्गंधीच्या वाटेने नेतो, तिथे त्यांचे आवाज येतात: थोडा वेळ थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरं वाटतं. धर्मराज त्यांना कर्माचा सिद्धान्त सांगत बसत नाही. दूताला परत पाठवतो. मी इथेच राहतो म्हणतो. ताई, रात्री आई दार उघडं ठेवून बसतात तेव्हा ‘आई, असं काही नसतं’ म्हणून तुम्ही आत जाता, असं तुम्हीच लिहिलं आहे. आजपासून पंधरा दिवस जाऊ नका. उंबऱ्याशी सतरंजी टाका, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ते उभे आहेत तर त्यांना काय सांगायचं राहिलं आहे. त्या जे बोलतील ते ऐका. बोलून थकतील आणि कदाचित तिथेच झोपतील.

वर्षश्राद्ध करा. साधं करा. दर्भ, तीळ, पाणी आणि घरचा स्वयंपाक. श्राद्धाला देह लागत नाही, कुणाच्याच श्राद्धाला लागत नाही. तुम्हाला मंत्रांशी घेणं नसेल तर भावाला बसू दे, तुम्ही वाढा. संध्याकाळी गावच्या भजनी मंडळाला बोलवा, ते पैशासाठी अडणार नाहीत. डेपोतले बाबांच्या बरोबरीचे चालक-वाहक जेवायला बोलावले तर त्याहून चांगलं. बाबांचा कर्जाबद्दलचा शब्द पाळायचा असेल तर खर्चाचा आकडा आधीच तिघांनी मिळून ठरवा आणि भावाला तो कागदावर लिहायला सांगा.

दुसरं, कॉलेजला जा. जिथे देह दिला तिथल्या शरीररचना विभागात दाता-कुटुंब म्हणून भेटीची वेळ मागा. मी एकदा अशा विभागात गेले होते. फॉर्मेलिनने डोळे चुरचुरत होते, आणि पहिल्या वर्षाची मुलं-मुली पहिल्याच दिवशी टेबलाभोवती उभी राहून शपथ घेत होती, की ज्यांनी हे शरीर दिलं त्यांचा मान राखू. एका मुलीने आधी टेबलाच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावला, घरात पोथीला लावतात तसा. आईंना हॉलमध्ये नेऊ नका, तशी परवानगीही नसते. पण विभागाचे सर किंवा मॅडम त्यांच्याशी दोन मिनिटं बोलले, तर ‘ते बाहेर उभे आहेत’ याच्या जागी ‘ते तिथे आहेत, मुलं त्यांच्याकडून शिकतात’ असं चित्र त्यांना मिळू शकतं. अभ्यास संपल्यावर अवशेषांचं काय करतात, अंत्यविधी कधी असतो, कुटुंबाला कळवतात का, हे तिथेच विचारा. पद्धत कॉलेजागणिक वेगळी असते.

काकांना दधीचीची गोष्ट तुमच्यापेक्षा चांगली माहीत असेल, वज्रासाठी हाडं देणाऱ्याची. तरी देहदान हे नास्तिकांचं खूळ आहे असं ते म्हणत असतील, तर त्यांना नानाजी देशमुखांचं सांगा. आपल्या हिंगोलीकडच्या कडोळीचे. सगळं आयुष्य संघात आणि ग्रामसेवेत गेलं. २०१० साली ते चित्रकूटला गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला दिला गेला.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी देहदानाचा विचार करत असेल तर नुसता फॉर्म भरून कपाटात ठेवू नका. ऐन वेळी जवळच्या माणसांची संमती लागते, आणि ज्याला आधी सांगितलेलं नसतं तोच त्या दिवशी आडवा येतो. भावंडांना, दीर-जावांना समोर बसवून सांगा. मागे कोणते विधी चालतील आणि कोणते नकोत तेही लिहा, म्हणजे मुलांना अर्थ लावत बसावं लागणार नाही. शेवटचं दर्शन सगळ्यांना होईल असा वेळ ठेवायला सांगा. ज्यांना दहनाशिवाय चैन पडणार नाही त्यांच्यासाठी नेत्रदान आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपटल घेतात आणि देह घरच्यांकडेच राहतो. आणि भावकी वाळीत टाकण्याची भाषा करू लागली, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा कायदा आहे, पोलीस ठाण्यात जाता येतं. तुमच्या घरात ती वेळ येईल असं मला वाटत नाही.

आईंची आठ महिन्यांची झोप मात्र नुसत्या हरिपाठावर सोडू नका. जेवण तुटलं असेल, वजन उतरलं असेल, ‘मलाही त्यांच्याकडे जायचं’ असं काही बोलत असतील, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतूनही बोलता येतं. दुःखाचं औषध घेतलं म्हणून श्रद्धा कमी होत नाही, हे त्यांना काकांनी सांगितलं तर त्या ऐकतील.

म्हणून काकांना फोन तुम्हीच करा, भावाला करायला लावू नका. विधीचं नंतर बोला. आधी विचारा, लहानपणी बाबा कसे होते. दोघं भाऊ पहिल्यांदा पंढरीला कधी गेले, कुणाबरोबर गेले. ते बोलायला लागले की फोन स्पीकरवर टाका आणि आईंना जवळ बोलवा.